तार, बिनतार आणि भरवसा

वार्षिक अंकात शिक्षकाने लेख लिहावयाचा म्हणजे विद्यार्थ्यांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगावयाच्या, अशी एक समजूत आहे. आणि ती अगदीच निराधार आहे असे मला म्हणवत नाही. परंतु या खेपेस माझ्या लेखाचा आरंभ उपदेशाने नसून कबुलीने होत आहे. गेल्या स्नेहसंमेलनात जो एक प्रसंग घडला त्याचा कमीपणा ज्या विद्यार्थ्याच्या वाट्यास आला, तो त्या दोषाचा धनी नव्हता. खरा धनी मी होतो, आणि ते उघडपणे सांगण्यास या अंकाहून योग्य जागा दुसरी नाही.

प्रसंग थोडक्यात असा. इयत्ता नववीतील एका मुलाने गिटार वाजवावी व त्याच्याच वर्गातील एका मुलीने गावे, असे ठरले होते. मुलाने चार महिने मनापासून तालीम केली होती. संमेलनास आठ दिवस उरले असता त्याच्या वडिलांनी कौतुकाने त्यास एक बिनतारी संच, ज्यास हल्ली लहानथोर सारेच वायरलेस म्हणतात तो, आणि त्याबरोबर काही इफेक्ट पेडल आणून दिली. "सर, आता मला रंगमंचावर मोकळेपणी फिरता येईल," असे तो मला म्हणाला. त्या वेळचा त्याचा आनंद पाहून मी लागलीच परवानगी दिली. पुढचा विचार केला नाही. संमेलनाच्या दिवशी दुपारी रिकाम्या सभागृहात आम्ही तालीम घेतली, तेव्हा सर्व काही ठाकठीक चालले.

सायंकाळी सभागृह भरले, पडदा वर गेला, आणि पहिल्या कडव्यातच गिटारचा आवाज मधूनमधून तुटू लागला. दुसऱ्या कडव्याच्या आरंभी तो अजिबात नाहीसा झाला. मुलगा तारा छेडीत होता आणि कोणास काहीच ऐकू येत नव्हते. मागल्या बाकांवर कोणी हसले. ध्वनिव्यवस्था पाहणारे गृहस्थ धावत आले व त्यांनी एक साधी केबल मागितली. ती मुलाच्या पिशवीत नव्हती, माझ्याजवळ नव्हती, साऱ्या शाळेत नव्हती. गाणारी मुलगी मात्र धीराची. ती थांबली नाही, आणि वाद्याच्या साथीवाचून तिने ते गीत शेवटास नेले. टाळ्या पुष्कळ पडल्या. त्या पडत असता मुलाने गिटार खांद्यावरून उतरविली आणि तो आत निघून गेला. त्या दिवसापासून संगीताच्या खोलीचा उंबरठा त्याने ओलांडलेला नाही.

यानंतर दोन-तीन पालकांनी मला भेटून एकच प्रश्न केला : "सर, मुलासाठी असा कोणता संच घ्यावा की जो ऐन वेळी बंद पडणार नाही?" प्रश्न सरळ आहे आणि त्यामागील माया मला कळते. तथापि त्याचे उत्तर म्हणून एखाद्या यंत्राचे नाव सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. माझे मत असे आहे की, भरवसा ही दुकानात विकत मिळणारी वस्तू नव्हे. जेथे तारेने काम भागते तेथे तारच वापरावी. जेथे बिनतारी यंत्र खरोखर हवे असेल तेथे ते तार हाताशी ठेवूनच वापरावे. आणि कोणतेही यंत्र बंद पडले तरी कार्यक्रम बंद पडणार नाही, अशी तजवीज अगोदर करावी. हे मत मी का बनविले ते सांगण्यासाठी त्या सायंकाळी काय बिघडले ते प्रथम पाहू.

विजेच्या गिटारची रचना कठीण नाही. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यास पिकअप म्हणतात. तार कंप पावली की वेटोळ्यात अत्यंत क्षीण असा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. केबल तो प्रवाह अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत नेते, आणि तेथे तो मोठा होऊन ध्वनिरूपाने बाहेर पडतो. केबलमध्ये बॅटरी नाही, तिला हवेत वाट शोधावी लागत नाही, आणि तिच्या मार्गात दुसऱ्या कोणाचे बोलणे शिरत नाही. ती तुटली तर तुटते, आणि तुटलेली केबल बदलण्यास अर्धे मिनिट पुरते.

बिनतारी संच या एका केबलच्या जागी दोन यंत्रे आणतो. गिटारला लावावयाचा प्रेषक आणि अ‍ॅम्प्लिफायरजवळ ठेवावयाचा ग्राहक. दोहोंस वीज हवी. प्रेषकास तर बॅटरीच हवी. शिवाय दोहोंच्या मधली जी हवा, ती आपल्या मालकीची नाही. आज स्वस्तात मिळणारे पुष्कळसे संच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. हा पट्टा परवान्यावाचून सर्वांना खुला आहे, हा त्याचा गुण. आणि तो सर्वांना खुला आहे, हाच त्याचा दोष. वायफाय त्याच पट्ट्यात चालते, ब्ल्यूटूथ त्याच पट्ट्यात चालते. दुपारी रिकाम्या सभागृहात असे गलबला करणारे कोणी नव्हते. सायंकाळी जितके पालक आले तितके मोबाईल आले, आणि प्रत्येक मोबाईल त्या एकाच चव्हाट्यावर आपापले बोलू लागला.

दुसरे कारण माणसांच्या शरीरांचे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, आणि आपल्या शरीरात पाण्याचा अंश मोठा असल्यामुळे अशा लहरी शरीरात बऱ्याच शोषल्या जातात. रिकाम्या खुर्च्यांवरून जी लहर सहज जाते, ती भरलेल्या खुर्च्यांवरून जाताना क्षीण होते. तिसरे कारण सर्वस्वी माझे. ग्राहक यंत्र आम्ही सभागृहाच्या मागील टोकास मिक्सरजवळ ठेवले होते. लहरीचे बल अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, हे दहावीच्या विद्यार्थ्यास समजावे असे गणित आहे. मुलापासून चार मीटरवर, रंगमंचावरच ते ठेवले असते, तर वीस मीटरवर मिळाले त्याच्या पंचवीसपट बळ तेथे मिळाले असते, आणि मध्ये एकही प्रेक्षक आला नसता. ते यंत्र वाईट होते असे मी म्हणत नाही. आम्ही त्यास वाईट जागी बसविले.

या आधुनिक संचांचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवावा. पूर्वीच्या बिनतारी यंत्रात ग्रहण बिघडू लागले की खरखर ऐकू येई, आणि ती खरखर म्हणजे एक प्रकारची पूर्वसूचना असे. अंकीय पद्धतीच्या संचात तसे बहुधा होत नाही. आवाज असतो तोवर स्वच्छ असतो, आणि जातो तेव्हा एकदम जातो.

कित्येक घरी परदेशातील नातलगांकडून जुने, परंतु उंची बिनतारी संच भेटीदाखल येतात. त्यांच्या बाबतीतही सावध असावे. अमेरिकेत ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील बिनतारी माईक वापरण्यास जून २०१० पासून मनाई झाली, कारण तो पट्टा मोबाईल व इतर सेवांना देण्यात आला. आपल्या देशातही २०२२ सालच्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाईल सेवेसाठी विकला गेला. तेव्हा संच कितीही मजबूत असला, तरी ज्या वाटेने त्याने चालावे ती वाटच दुसऱ्याची झालेली असू शकते. केबलच्या बाबतीत असा प्रसंग कधी येत नाही.

आता इफेक्ट पेडलांविषयी. पायाने दाबावयाच्या या लहान डब्या गिटारच्या आवाजास निरनिराळे रंग देतात. एक आवाज घोगरा व धारदार करते, दुसरी प्रतिध्वनी उमटविते, तिसरी त्यास लाटेसारखा हेलकावा देते. यांपैकी घोगऱ्या आवाजाची जन्मकथा मोठी मौजेची आहे. अमेरिकेतील नॅशविल शहरी मार्टी रॉबिन्स या गायकाच्या, १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका गीताचे ध्वनिमुद्रण चालू असता ग्रेडी मार्टिन हा वादक बेस गिटार वाजवीत होता. मिक्सरच्या एका भागात बिघाड झाल्यामुळे त्याचा आवाज फाटून, भुंग्याच्या गुणगुणण्यासारखा उमटला. तो ऐकणारांस आवडला व तसाच ठेवण्यात आला. मग तोच आवाज मुद्दाम काढता यावा म्हणून यंत्र तयार झाले, आणि १९६२ साली 'मायस्ट्रो फझ-टोन' या नावाने ते बाजारात आले. म्हणजे आज ज्यास आपण इफेक्ट म्हणून पैसे देऊन घेतो, तो मुळात एक बिघाडच होता.

या कथेत आपल्या विषयाचे सार आहे असे मला वाटते. बिघाड आणि इफेक्ट यांत आवाजाचा भेद नाही. भेद हुकमाचा आहे. आपण पाय ठेवला असता जो येतो व पाय उचलला असता जो जातो तो इफेक्ट. आपल्या मनाने येतो आणि मनाने जातो तो बिघाड. यास्तव जे पेडल आपल्या हुकमात नाही ते कितीही मोलाचे असले, तरी पिशवीतील एक बिघाडच होय.

आणि पेडलांची संख्या वाढली की हुकूम कसा सैल होतो ते पाहा. समजा, सहा पेडल एकापुढे एक जोडली. गिटारपासून पहिल्यापर्यंत एक केबल, मध्ये पाच लहान केबल, आणि शेवटच्यापासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत एक; अशा सात केबल झाल्या. प्रत्येकीस दोन पिना, म्हणजे चौदा जोड. शिवाय प्रत्येक पेडलास वीज पुरविणारा एक जोड धरला तर एकंदर वीस. आता केवळ उदाहरणादाखल असे धरा की, प्रत्येक जोड शंभरांपैकी नव्व्याण्णव वेळा बिनचूक चालतो. नव्व्याण्णव गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास आपण कोणी नावे ठेवणार नाही. परंतु वीसही जोड एकाच वेळी चालण्याचा संभव काढावयाचा तर ०.९९ चा विसावा घात करावा लागतो, आणि तो येतो सुमारे ०.८२. म्हणजे शंभर कार्यक्रमांपैकी अठरांत कोठे तरी काही तरी अडेल. तेच दोन पेडल घेतली तर तीन केबलींचे सहा जोड व विजेचे दोन मिळून आठच जोड होतात, आणि हाच हिशेब सुमारे ०.९२ वर येतो. गणिताच्या तासास "याचा आयुष्यात काय उपयोग?" असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण घरी सोडवून पाहावे.

विजेचे जोडही नीट समजून घ्यावे लागतात. बहुतेक पेडल ९ व्होल्टवर चालतात, आणि त्यांच्या पिनेचा मध्यभाग बहुधा ऋण असतो. परंतु सर्वांचाच नव्हे. उलट जोडणीचा अडॅप्टर लावल्यास पेडल कायमचे निकामी होऊ शकते, म्हणून पेडलावरील खूण वाचल्यावाचून पिन घालू नये. साध्या पेडलास थोडाच प्रवाह पुरतो, अंकीय पेडलास त्याच्या कितीतरी पट लागतो. तेव्हा एका अशक्त अडॅप्टरवर सर्वांचा भार टाकल्यास आवाज घरघरतो किंवा एखादे पेडल मुळीच जागे होत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या पेडलांची एक खोड पुष्कळांस ठाऊक नसते. त्यांपैकी बऱ्याच पेडलांत, ज्या बाजूने गिटारची केबल आत येते तेथे पिन घातली की बॅटरी सुरू होते, दिवा लागो वा न लागो. तालमीनंतर केबल तशीच ठेवून घरी गेल्यास सकाळी बॅटरी मेलेली सापडते, आणि दोष कंपनीच्या माथी मारला जातो.

आपण जुहूच्या समुद्राजवळ राहतो, हीही गोष्ट विसरून चालणार नाही. येथील वाऱ्यात मीठ आहे आणि पावसाळ्याचे चार महिने हवेत ओल आहे. खिडकीचे गज जेथे दोन वर्षांत तांबारतात, तेथे पिनांचे व बॅटरीच्या पट्ट्यांचे काय होत असेल ते सांगावयास नको. गिटारचा खरखराट हा पुष्कळ वेळा महागड्या दुरुस्तीचा विषय नसून मळलेल्या पिनेचा असतो. वाजवून झाल्यावर पिना व तारा कोरड्या फडक्याने पुसाव्या. बरेच दिवस वापरावयाचे नसेल तर बॅटरी काढून ठेवावी. आणि नव्या पादत्राणांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांची जी पुडी येते ती टाकून न देता गिटारच्या पिशवीत घालावी. यास पैसा पडत नाही. पडते ती सवय, आणि सवयच आपणांस जड जाते.

विजेचा पुरवठाही गृहीत धरू नये. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई व आसपासचा मोठा प्रदेश एकाएकी विजेवाचून राहिला. लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. जे शहर वीज जाणे विसरत चालले होते त्यासही त्या दिवशी मेणबत्ती शोधावी लागली. एवढे मोठे संकट नित्य येत नाही हे खरे. परंतु संमेलनाच्या मांडवातील एखादा फ्यूज उडण्यास शहराचे संकट लागत नाही.

माझे म्हणणे एकांगी होऊ नये म्हणून प्रतिपक्षाची बाजूही मांडली पाहिजे. बिनतारी यंत्राचा जन्म केवळ मिरविण्यासाठी झालेला नाही. डिसेंबर १९७६ मध्ये फ्लोरिडातील लेकलँड येथे 'किस' या अमेरिकन वृंदाचा गिटारवादक एस फ्रेली याचा हात रंगमंचाच्या जिन्याच्या लोखंडी कठड्यास लागताच त्यास विजेचा जबर धक्का बसला. कठड्यास अर्थिंग नव्हते, आणि हातातील गिटार केबलने यंत्रांशी जोडलेली होती. तो वाचला, पुढे त्या वृंदाने केन शाफर यांनी बनविलेली बिनतारी यंत्रे वापरण्यास घेतली. केबल नसली म्हणजे वादकाच्या शरीरातून प्रवाह जाण्याची ती वाट तुटते, हा बिनतारी संचाचा मोठाच गुण आहे. तसेच केबल फार लांब झाली तर तीत आवाजातील तीक्ष्णता काही अंशी हरपते, पायात अडकून मुले पडतात, आणि नृत्य करीत वाजवावयाचे असेल तर केबल ही बेडी होते, हेही खरे आहे. बिनतारी संचात आवाज मागून येतो असा कोणी आक्षेप घेतात. त्यात मात्र फारसा अर्थ नाही. विलंब एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पटींइतका धरला, तर तो अ‍ॅम्प्लिफायरपासून दीड-पावणेदोन मीटर दूर उभे राहण्याइतकाच आहे.

परंतु या गुणांवरून काय ठरते? धक्क्याचे भय असेल तर पहिला उपाय बिनतारी गिटार नसून उत्तम अर्थिंग आणि मांडवाच्या विजेवर बसविलेला ईएलसीबी हा आहे. कारण गिटारवाल्यास वाचविले तरी माईक हातात धरणारी मुलगी आहेच. या बाबतीत काटकसर करणे हा गुन्हा आहे असे मी समजतो. आणि मोठमोठे कलावंत बिनतारी यंत्रे वापरतात हे खरे असले, तरी त्यांच्याबरोबर आणखी काय असते ते आपण पाहत नाही. लहरींचा पट्टा अगोदर तपासून ठेवणारा जाणता मनुष्य असतो, दुसरा तयार संच असतो, प्रत्येक प्रयोगास नवी बॅटरी असते, आणि पडद्यामागे कोठे तरी एक केबल गुंडाळून ठेवलेली असते. आपण त्यांच्या गिटारचे अनुकरण करतो, त्या गुंडाळलेल्या केबलचे करीत नाही.

आणि प्रत्येक जागेस एवढा डामडौल हवाच असे नाही. आपल्या जुहूतील पृथ्वी थिएटर १९७८ सालच्या नोव्हेंबरात सुरू झाले. दोनशेच्या आसपास प्रेक्षक मावतील असे ते लहानसे नाट्यगृह आहे, आणि प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंस, नटाच्या अगदी जवळ बसतात. तेथे नट कुजबुजला तरी तो शेवटच्या रांगेस कळतो. त्या घराची कीर्ती यंत्रांच्या संख्येवर झालेली नाही. आमचे सभागृह त्याहून मोठे आहे खरे, परंतु तेथेही एक गिटार, एक गळा आणि चांगला एक माईक एवढ्याने गीत सुखाने पोचते. त्या सायंकाळी त्या मुलीने तर गिटारवाचूनही ते पोचविले.

भरवशाचा विषय निघाला असता जुहूच्याच मातीतील एक उदाहरण सांगावेसे वाटते. जेथून आज मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात, त्या जुहूच्या विमानतळावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन उतरले. विमान लहानसे, एका इंजिनाचे, 'पस मॉथ' जातीचे. त्यात बिनतारी यंत्र नव्हते. खाली जमिनीवरून वाट दाखविणारी साधनेही नव्हती. जुहूचे मैदान समुद्रालगतचे, पावसाळ्यात चिखलपाण्याने भरून जाणारे. असे असूनही त्या टपालसेवेने पहिले वर्ष शंभर टक्के वक्तशीरपणाने पुरे केले, आणि सरकारच्या नागरी विमान खात्याने १९३३-३४ च्या आपल्या अहवालात तिचा गौरवाने उल्लेख केला.

हे कसे घडले? यंत्रे उत्तम होती म्हणून नव्हे; आजच्या मानाने ती अगदी साधी होती. माझ्या समजुतीने त्याचे मर्म एका लहान गोष्टीत आहे. पावसाळा आला म्हणजे जुहूच्या मैदानावर उतरता येणार नाही हे चालक जाणून होते, म्हणून ते पावसास दोष देत बसले नाहीत. त्या महिन्यांपुरता त्यांनी आपला तळ पुण्यास हलविला. काय बिघडणार हे अगोदर ओळखणे आणि ते बिघडण्यापूर्वी दुसरी वाट तयार ठेवणे, यासच भरवसा म्हणतात. ज्यांच्याजवळ बिनतारी यंत्र नव्हते त्यांनी टपाल वेळेवर पोचविले. आमच्याजवळ बिनतारी यंत्र होते आणि आम्हांस एक गीत पोचविता आले नाही.

येत्या संमेलनासाठी माझ्या सूचना याप्रमाणे आहेत. जो एका जागी उभा राहून वा बसून वाजविणार आहे त्याने तीन ते सहा मीटर लांबीची साधी, मजबूत केबल वापरावी. ज्यास फिरणे खरोखर आवश्यक आहे त्याने बिनतारी संच अवश्य वापरावा. परंतु ग्राहक रंगमंचावरच, आपल्या दृष्टीसमोर ठेवावा, बॅटरी त्याच दिवशी पूर्ण भरावी, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारी केबल उलगडून तयार ठेवावी. गाण्यास ज्या पेडलांवाचून चालत नाही तेवढीच आणावी, आणि ती सर्व काढून गिटार सरळ अ‍ॅम्प्लिफायरला जोडून गीत वाजविण्याची तालीम निदान एकदा तरी करावी. शेवटची तालीम रिकाम्या सभागृहात न घेता दोन-तीन वर्गांना समोर बसवून, मोबाईल बाळगणाऱ्या शिक्षकांसह घ्यावी. सभागृहातील शाळेचे वायफाय कार्यक्रमापुरते बंद ठेवण्याविषयी मी मुख्याध्यापकांस विनंती करणार आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यंत्र बंद पडले तर काय करावयाचे याचीही तालीम व्हावी. गाणाऱ्याने थांबू नये, वाजविणाऱ्याने घाबरू नये, ज्याच्याकडे केबल सोपविली आहे त्याने ती लावावी, आणि पुढच्या कडव्यापासून पुन्हा मिळावे. तहान लागल्यावर विहीर खोदू नये हे आपण मुलांना पाठ करावयास लावतो. विहीर आधी खोदून ठेवणे हे आपण वडील मंडळींनी करावयाचे काम आहे.

पालकांच्या प्रश्नाचे उत्तर आता दोन वाक्यांत देता येईल. पहिल्या वर्षी मुलास चांगल्या तारा, दोन चांगल्या केबल आणि चांगला शिक्षक द्या; पेडल व बिनतारी संच यांसाठी ठेवलेले पैसे तूर्त तसेच राहू द्या. त्याचा हात स्वतः बोलू लागल्यावर कोणता रंग हवा हे तोच तुम्हांस सांगेल, आणि त्या वेळी घेतलेली वस्तू तो जपेल. नवी वस्तू देऊ नये असे माझे म्हणणे नाही. परंतु परीक्षेस आठ दिवस उरले असता कोणी मुलाची लेखणी बदलीत नाही; मग संमेलनास आठ दिवस उरले असता त्याचे वाद्य का बदलावे?

शेवटी त्या विद्यार्थ्यास, जो आता दहावीत आहे आणि हा अंक बहुधा चाळील, त्यास दोन शब्द. बाळ, तुझी बोटे त्या सायंकाळी एकदाही चुकली नाहीत. मी बाजूस उभा राहून ती पाहत होतो. जे चुकले ते यंत्र ठेवणाऱ्याचे, परवानगी देणाऱ्याचे, आणि एक केबल जवळ न ठेवणाऱ्याचे चुकले. आणि हे तिन्ही मीच होतो. त्याबद्दल तुझी क्षमा मागतो. संगीताच्या खोलीत पेटीच्या वर जो खिळा आहे, त्यास मी सहा मीटरची एक नवी केबल टांगून ठेवली आहे. ती कोणा एकाची नाही, शाळेची आहे. पण तिचा पहिला उपयोग तू करावास अशी माझी इच्छा आहे. खोली शुक्रवारी चार वाजता उघडी असते.